ओपन सोर्स बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे काय? पेंटाहोपासून सुपरसेटपर्यंत सगळी माहिती

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडलं की एक गोल आलेख दिसतो. आज कोणतं अ‍ॅप किती वेळ वापरलं, फोन किती वेळा अनलॉक केला, किती नोटिफिकेशन आल्या, सगळं एका नजरेत कळतं. याची कच्ची नोंद फोनकडे असतेच, पण ती शेकडो ओळींची यादी कुणी वाचायला दिली तर आपण ती वाचणार नाही. बिझनेस इंटेलिजन्स, म्हणजेच बीआय सॉफ्टवेअर, हेच काम एखाद्या कंपनीसाठी, दवाखान्यासाठी किंवा संस्थेसाठी करतं. विक्री, स्टॉक, ऑर्डर, तक्रारी यांच्या लाखो नोंदींमधून ते आलेख, तक्ते आणि डॅशबोर्ड बनवतं.

हा शब्द वाटतो तितका नवा नाही. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली लिहिलेल्या एका लेखाच्या शीर्षकातच ‘बिझनेस इंटेलिजन्स’ होतं. आज आपण जे बीआय म्हणतो त्याचे साधारण तीन टप्पे असतात. आधी वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा गोळा करून साफ करायचा, याला ईटीएल म्हणतात. मग तो एका डेटाबेसमध्ये ठेवायचा. आणि शेवटी त्याला प्रश्न विचारून उत्तरं आलेखात दाखवायची. बाहेरून आपल्याला फक्त शेवटचा टप्पा दिसतो, मेहनत मात्र बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यात जाते.

मग ओपन सोर्स कशाला हवं?

‘फुकट मिळतं म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. फुकट तर पुष्कळ अ‍ॅप मिळतात. खरा मुद्दा असा की कंपनीचे सगळे रिपोर्ट एकदा एका टूलमध्ये बनले की ते टूल बदलणं फार जड जातं. आणि या धंद्यात मालक सारखे बदलतात. २०१९ मध्ये सेल्सफोर्सने टॅब्लो विकत घेण्याचा सुमारे १५.७ अब्ज डॉलरचा सौदा केला, त्याच वर्षी गुगलने लुकरसाठी २.६ अब्ज डॉलर मोजायचं जाहीर केलं. मालक बदलला की किंमत, प्लॅन, सपोर्ट काहीही बदलू शकतं आणि ग्राहकाच्या हातात फारसं काही नसतं.

ओपन सोर्समध्येही कंपन्या विकल्या जातात, पण कोड लायसन्ससह आधीच सगळ्यांच्या हातात आलेला असतो. नव्या मालकाचं धोरण पटलं नाही तर त्या कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प सुरू करता येतो. याला फोर्क म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण फोर्क जगवायला माणसं लागतात. म्हणून ओपन सोर्स बीआय निवडताना त्याच्या वेबसाइटपेक्षा त्याच्या मागची कम्युनिटी बघावी असं माझं मत आहे. आतापर्यंत काय काय झालं ते बघितलं की हे पटेल.

पहिली पिढी: जॅस्पर, बर्ट आणि पेंटाहो

रोमानियातल्या तेओदोर दान्चू यांनी २००१ च्या सुमारास जॅस्पररिपोर्ट्स लिहायला घेतलं. जावा प्रोग्रॅममधून छापील बिलं, रिपोर्ट बनवायची ही लायब्ररी. पुढे त्यावर जॅस्परसॉफ्ट कंपनी उभी राहिली आणि २०१४ मध्ये टिब्कोने ती विकत घेतली. त्याच काळात अ‍ॅक्चुएट कंपनीच्या पुढाकाराने एक्लिप्स फाउंडेशनमध्ये बर्ट नावाचा रिपोर्टिंगचा प्रकल्प सुरू झाला. दोन्हींचा भर छापील स्वरूपाच्या रिपोर्टवर होता.

पेंटाहोची गोष्ट जास्त रंजक आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही कंपनी सुरू झाली, पण तिने सगळं शून्यापासून लिहिलं नाही. आधीच चालू असलेले ओपन सोर्स प्रकल्प आणि ते लिहिणारी माणसं तिने एका छताखाली आणली. डेटाचं वेगवेगळ्या बाजूंनी विश्लेषण करणारं मॉन्ड्रियन ज्युलियन हाइड यांचं. डेटा गोळा करून साफ करणारं केटल बेल्जियमच्या मॅट कास्टर्स यांचं. डेटामधून पॅटर्न शोधणारं वेका न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातलं. केटलच्या भागांची नावंही मजेशीर आहेत: स्पून, पॅन, किचन. म्हणजे चमचा, तवा आणि अख्खं स्वयंपाकघर! स्पूनमध्ये डेटाचा प्रवाह माऊसने जोडून काढायचा, पॅन आणि किचनने तो कमांड देऊन चालवायचा. आज सगळीकडे ऐकू येणारा ‘डेटा लेक’ हा शब्दही पेंटाहोच्याच जेम्स डिक्सन यांनी २०१० मध्ये रूढ केला.

पेंटाहोची मोफत आवृत्ती आणि सशुल्क आवृत्ती शेजारी शेजारी चालायच्या. कंपन्या मोफत आवृत्ती वापरून बघायच्या, जगभरातले डेव्हलपर प्लगइन लिहायचे. मग २०१५ मध्ये हिताची डेटा सिस्टिम्सने पेंटाहो विकत घेतली आणि २०१७ मध्ये ती हिताची व्हँटाराचा भाग झाली.

इथे फोर्क कामाला आला. केटलच्या जुन्या मंडळींनी, त्यात स्वतः मॅट कास्टर्सही होते, कोडची प्रत घेऊन हॉप नावाचा वेगळा प्रकल्प सुरू केला. २०२० मध्ये तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या इनक्युबेटरमध्ये गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये अपाचीचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प म्हणून जाहीर झाला. अपाची ही ना-नफा संस्था आहे. तिथला प्रकल्प कुठलीही कंपनी सरळ विकत घेऊ शकत नाही.

दुसरी पिढी: रिडॅश, सुपरसेट, मेटाबेस

पहिल्या पिढीची टूल शिकायला अवघड होती. बहुतेक कामासाठी जावा येणारा माणूस लागायचा. २०१३ नंतर आलेली टूल ब्राउझरमध्ये चालतात आणि वापर वाढण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

रिडॅश इस्राएलमधल्या एव्हरीथिंगमी या कंपनीत सुरू झालं. एसक्यूएलमध्ये प्रश्न लिहायचा, उत्तराचा आलेख करायचा, लिंक शेअर करायची, इतकं साधं. २०२० मध्ये डेटाब्रिक्सने ते घेतलं आणि २०२१ च्या अखेरीस रिडॅशची ऑनलाइन सेवा बंद झाली. पैसे भरून ती सेवा वापरणाऱ्यांना दुसरीकडे जावं लागलं. ज्यांनी रिडॅश स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं होतं त्यांचं मात्र चालूच राहिलं. नंतर काही काळ प्रकल्प थंडावला होता, २०२३ मध्ये कम्युनिटीतल्या लोकांनी देखभाल हातात घेतली.

अपाची सुपरसेट २०१५ मध्ये एअरबीएनबीच्या एका हॅकॅथॉनमध्ये जन्मलं. ते लिहिणारे मॅक्सिम बोशमँ, अपाची एअरफ्लोसुद्धा त्यांचंच. सुपरसेटचं पहिलं नाव पॅनोरामिक्स होतं. ते आधी ड्रुइड या डेटाबेससाठी बनलं होतं, आणि अ‍ॅस्टेरिक्सच्या कॉमिकमधल्या ड्रुइडचं नाव पॅनोरामिक्स! मग ते कॅराव्हेल झालं, मग सुपरसेट. २०१७ मध्ये अपाचीच्या इनक्युबेटरमध्ये गेलं, जानेवारी २०२१ मध्ये पूर्ण प्रकल्प झाल्याची घोषणा झाली. आज गिटहबवर त्याला ६० हजारांच्या वर स्टार आहेत.

मेटाबेस २०१५ मध्ये खुलं झालं. ज्याला एसक्यूएल येत नाही त्यालाही माऊसने निवडून प्रश्न विचारता येतो ही त्याची खासियत. एकच जावा फाइल चालवली की सुरू होतं, त्यामुळे लहान टीममध्ये ते पटकन रुजतं. गिटहबवर ४० हजारांच्या वर स्टार आहेत. पण त्याच्या मागे एकच कंपनी आहे आणि काही सोयी सशुल्क आवृत्तीतच मिळतात. उदाहरणार्थ, एका टेबलातल्या ठरावीक ओळीच ठरावीक माणसाला दाखवायच्या असतील तर मेटाबेसमध्ये पैसे भरावे लागतात, सुपरसेटमध्ये ही सोय आतच आहे. लायसन्सही वेगळं आहे. सुपरसेटचं अपाची लायसन्स फार मोकळं आहे. मेटाबेसचं एजीपीएल सांगतं की कोड बदलून तुम्ही नेटवरून इतरांना सेवा दिलीत तर बदललेला कोडही त्यांना द्यावा लागेल.

मुंबईतूनही या क्षेत्रात काम होतंय. ईआरपीनेक्स्ट बनवणाऱ्या फ्रापे कंपनीचं ‘फ्रापे इन्साइट्स’ हे ओपन सोर्स बीआय टूल आहे, तेही एजीपीएलखाली. ज्या दुकानाचं किंवा कारखान्याचं बिलिंग आणि स्टॉक आधीच ईआरपीनेक्स्टवर आहे, त्यांना ते सोयीचं पडतं. सुपरसेटइतकी मोठी कम्युनिटी त्याच्या मागे अजून नाही, पण बनवणारी माणसं जवळ आहेत हा फायदा छोटा नाही.

फुकटची जबाबदारी

स्वतःच्या सर्व्हरवर टूल टाकलं की त्याची राखणही स्वतःच करायची. एप्रिल २०२३ मध्ये होरायझन३ या सुरक्षा कंपनीने दाखवलं की इंटरनेटवर उघड्या असलेल्या सुमारे ३ हजार सुपरसेट सर्व्हरपैकी जवळपास दोन-तृतीयांश सर्व्हर इन्स्टॉल करताना आलेली मूळ गुप्त की तशीच वापरत होते. ती की सगळ्यांना माहीत असलेली, कारण कोडच खुला! तिच्या जोरावर कुणीही अ‍ॅडमिन बनून आत शिरू शकत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये मेटाबेसमध्ये लॉगिन न करता सर्व्हरवर कमांड चालवता येईल असा दोष सापडला. दोन्हींची दुरुस्ती आली, पण अपडेट टाकणाऱ्यालाच तिचा उपयोग. त्यामुळे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घरच्या लॅपटॉपवर बिनधास्त टाका, पण दुकानाचा खरा डेटा नेटवर ठेवण्याआधी की बदला आणि अपडेट कोण टाकणार ते ठरवा.

फोनवरून करून बघायचंय?

ही टूल इन्स्टॉल करायला लॅपटॉप किंवा सर्व्हर लागतो, पण एक शॉर्टकट आहे. विकिमीडियाने सगळ्यांसाठी एक सार्वजनिक सुपरसेट चालू ठेवलं आहे. विकिपीडियाचं जे खातं असतं त्यानेच लॉगिन करायचं. खाजगी माहिती काढून टाकलेल्या विकिपीडियांच्या प्रती तिथे फक्त वाचण्यासाठी मिळतात, त्यात २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडियाही आहे. एसक्यूएल लॅब उघडा, मराठीचा डेटाबेस निवडा आणि एक छोटा प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात किती नवे लेख आले? फोनच्या छोट्या कीबोर्डवर एसक्यूएल टाइप करणं जरा वैतागवाणं आहे, म्हणून ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट चालू करा आणि फोन आडवा धरा. शेवटी मर्यादा घालायला विसरू नका, नाहीतर हजारो ओळी उतरायला लागतील आणि क्वेरी मध्येच थांबेल.