'कुंकू' : एका नकाराची कहाणी

मराठी बोलपटाच्या इतिहासात १९३६ आणि १९३७ ही दोन वर्षे फार मोलाची गणली जातात. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने पहिल्या वर्षी दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' दिला, आणि दुसऱ्या वर्षी व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' दिला. पहिल्या चित्रपटाने महाराष्ट्राची भक्ती पडद्यावर आणली, दुसऱ्याने महाराष्ट्राच्या घरातील अन्याय. 'तुकाराम'विषयी रसिकांत फारसा मतभेद कधी झाला नाही. 'कुंकू'विषयी मात्र, आणि विशेषतः त्याच्या शेवटाविषयी, वाद करावयास आजही जागा आहे.

कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची. नीरा ही पोरकी मुलगी. ज्यांच्या आश्रयाला ती वाढली तेच नातलग पैशाच्या लोभाने तिला फसवून एका वृद्ध विधुराच्या, काकासाहेबांच्या, गळ्यात बांधतात. काकासाहेब व्यवसायाने वकील. त्यांची मुले नीराच्या बरोबरीची. लग्न लागते, पण नीरा ते मानीत नाही. ती पळून जात नाही, आणि नशिबाला बोल लावीत कोपऱ्यात बसत नाही. ती त्याच घरात राहते आणि रोज नकार देते.

हा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग १८९९ साली इंदूर येथे झाला, तेव्हापासून जरठ-कुमारी विवाहाची निंदा रंगभूमीवर होतच होती. परंतु शारदेची सुटका कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. भुजंगनाथ आणि शारदा सगोत्र असल्याचे उघडकीस येते आणि भर मांडवात लग्न मोडते. म्हणजे शारदेला शास्त्र वाचविते. वधूवरांची गोत्रे निराळी असती, तर त्या मांडवात तिच्या रडण्याला कोणी विचारले नसते. देवलांनी अनर्थ दाखविला, पण तो घडण्यापूर्वीच थांबविला. आपटे आणि शांताराम यांनी तो घडू दिला, आणि पुढे काय, असा प्रश्न केला. अडतीस वर्षांत मराठी मन किती पुढे आले, याचे माप या एका फरकात सापडते.

मधल्या काळात कायदाही बदलला होता. १९२९ साली बालविवाह-प्रतिबंधक कायदा संमत झाला. हरविलास शारदा यांच्या नावावरून तो शारदा कायदा म्हणून ओळखला गेला, हा देवलांच्या नायिकेशी जुळलेला केवळ योगायोग. त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले. वराचे कमाल वय मात्र ठरविले नाही. चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलीचे साठीच्या माणसाशी लग्न लावणे हा गुन्हा नव्हता. आणि लग्न एकदा विधिपूर्वक लागले, की त्यातून बाहेर पडण्याची वाट तिला नव्हती. अनेक जातींत काडीमोड आणि पाट रूढ होते. परंतु नीरा ज्या पांढरपेशा घरात पडली, तेथे रूढीने ते नाकारलेले होते. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात तसा कायदा व्हावयास १९४७ साल उजाडले, आणि सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ साली.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे 'कुंकू'चा शेवट निराळा दिसू लागतो. काकासाहेबांना उपरती होते. नीराकडे ते मुलीच्या नात्याने पाहू लागतात आणि आत्महत्या करून तिला मोकळी करतात. हा शेवट भावुक आहे, सोयीचा आहे, असा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच चूक नाही. झगडा नीराने केला. सुटका मात्र त्या पुरुषाच्या दयेने झाली. दार ठोठावून तिचे हात सोलवटले, पण ते उघडले आतल्या माणसाने.

परंतु १९३७ च्या पुण्यात दुसरा कोणता शेवट खरा ठरला असता? १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. १९३७ सालीच आलेल्या नव्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्कही दिला. म्हणजे पती मेला तर नीरा दुसरे लग्न करू शकत होती. तो जिवंत असता मात्र केवळ लग्न मान्य नाही म्हणून त्याला सोडून ती नव्याने संसार मांडू शकत नव्हती. तिच्या स्वातंत्र्याची वाट एका मरणावरून जात होती, ही रचना कथालेखकाची नव्हती, समाजाची होती. काकासाहेब वकील आहेत, हे येथे विसरून चालणार नाही. कायद्यात तिच्यासाठी एकच फट आहे, हे त्यांच्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार? शेवटात कलेचा काही दोष असेल. पण त्याहून मोठा दोष कायद्याचा होता, आणि चित्रपटाने तो नकळत का होईना, उघडा पाडला.

कलेच्या दृष्टीनेही हा चित्रपट धीट होता. संगीतदिग्दर्शन केशवराव भोळे यांच्यासारख्या जाणत्याकडे असूनही प्रसंगांच्या पाठीमागे वाद्यमेळ वाजविण्याचे येथे टाळले आहे. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. भिंतीवरचे जुने घड्याळ त्या घरातील एक पात्रच होऊन बसते. शांता आपटे यांची नीरा रडवेली नाही; तिच्या रागाला धार आहे आणि थट्टेलाही आहे. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलपुरुष होऊ दिले नाही, हे त्यांचे मोठे यश. हा म्हातारा हास्यास्पद आहे, पण दुष्ट नाही. म्हणूनच त्याचा पश्चात्ताप पटतो. त्यांच्या सुधारक मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे होत्या. संततिनियमनाच्या प्रचारात प्रत्यक्ष आयुष्य वेचणाऱ्या बाईंनी ती भूमिका करावी, यात औचित्य होते.

कादंबरीचे, हिंदी आवृत्तीचे आणि मराठी चित्रपटाचे नाव, ही तीनही नावे एकत्र ठेवून पाहावी. कादंबरी म्हणते, 'न पटणारी गोष्ट'. हिंदी आवृत्ती म्हणते, 'दुनिया न माने'. तेथे दोष जगाकडे जातो. मराठी नाव मात्र स्त्रीच्या कपाळावर बोट ठेवते. जे लेणे सौभाग्याचे म्हणून मिरवावयाचे, ते तिला न विचारता लावले तर त्याला सौभाग्य म्हणावयाचे काय, हा या नावातील प्रश्न आहे.

जरठ-कुमारी विवाहाची चाल पुष्कळशी मागे पडली, आणि कायद्यानेही आता वाट दिली आहे. तरीही 'कुंकू' जुना झाला नाही. वराचे वय हा त्यातील वरवरचा विषय होता. मुलीचा होकार हा खरा. ज्या घरात आजही मुलीला शेवटी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही, त्या घरात नीराचा नकार अजून ऐकला जावयाचा आहे.