महापूर आणि लेप्टोस्पायरोसिस : मुंबई, २००५

दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मि.मी. पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. मिठी नदीने कुर्ला, कलिना परिसर व्यापला. लोकल गाड्या बंद पडल्याने असंख्य नोकरदार छातीइतक्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी पोहोचले. पाणी ओसरले आणि ऑगस्टमध्ये रुग्णालये तापाच्या रुग्णांनी भरू लागली. त्यांत हिवताप होता, डेंग्यू होता आणि लेप्टोस्पायरोसिसही होता.

हा रोग पुराने निर्माण केला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८८६ मध्ये हायडेलबर्ग येथील आडोल्फ वाइल यांनी कावीळ व मूत्रपिंडाच्या विकारासह येणाऱ्या या तापाचे वर्णन केले. पुढे जपानमध्ये इनाडा व इडो यांनी त्याचा जिवाणू शोधला. त्यांचे रुग्ण प्रामुख्याने कोळसा खाणींच्या पाणथळ भागांत काम करणारे मजूर होते. उंदीर हा या जिवाणूचा मुख्य वाहक असल्याचेही लवकरच सिद्ध झाले. म्हणजे हा मूलतः ओल्यात राबणाऱ्यांचा रोग : खाणकामगार, भातशेतकरी, गटारे उपसणारे.

या रोगाच्या इतिहासात विस्मरणाचा वाटा मोठा आहे. अंदमानचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरते. तेथील लेप्टोस्पायरोसिसवर टेलर व गोयल यांनी १९३१ मध्येच सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. तरीही १९८८ पासून त्याच बेटांवर दरवर्षी पावसाळ्यानंतर उद्भवणाऱ्या तापाला ‘अंदमान रक्तस्रावी ज्वर’ असे कामचलाऊ नाव मिळाले. तो लेप्टोस्पायरोसिसच असल्याचे उलगडण्यास १९९३ साल उजाडावे लागले. एकदा मिळविलेले ज्ञान प्रशासनाच्या स्मरणात राहतेच असे नाही. १९९९ च्या ओरिसातील महाचक्रीवादळानंतर आणि जुलै २००० मधील अतिवृष्टीनंतर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील बालकांमध्येही हा रोग आढळला होता. २००५ ची साथ पूर्वसूचनेविना आली नव्हती.

पुराचे कार्य जोडणी करण्याचे असते. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून बाहेर पडलेले जिवाणू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात तग धरतात. बिळे बुडाली की उंदीर वस्तीकडे सरकतात, कचरा व सांडपाणी रस्त्यावर येते आणि पायाच्या जखमेतून किंवा डोळ्यांच्या व तोंडाच्या नाजूक त्वचेतून जिवाणू शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. त्यामुळे पुराच्या बातम्या मागे पडतात तेव्हा रुग्ण दाखल होऊ लागतात. शिवाय आरंभीचा ताप व अंगदुखी डेंग्यूसारखीच भासते. निदानास विलंब झाला, तर मूत्रपिंड व फुप्फुसे निकामी होण्याचा धोका असतो.

सफाई कामगार ज्या पाण्यात रोज उतरतो, त्याच पाण्यात २६ जुलैला कचेरीतला कारकूनही उतरला. या रोगाकडे शहराचे लक्ष वेधले गेले त्यामागे ही गोष्ट होती, असे मानावयास जागा आहे. सिंधुदुर्गातील भातखाचरांत पुराविनाही हा रोग होतो, पण त्याची चर्चा जिल्ह्याबाहेर क्वचितच जाते. प्रतिबंधाचा उपायही नवा नव्हता. पनामातील अमेरिकी सैनिकांवरील, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून एकदा दिलेल्या २०० मि.ग्रॅ. डॉक्सीसायक्लिनचा प्रतिबंधक परिणाम स्पष्ट दिसून आला होता.

अलीकडे अतिवृष्टीनंतर मुंबई महानगरपालिका पाण्यातून चाललेल्या नागरिकांना ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने हे औषध घेण्याचे आवाहन करते. त्यात जोखमीनुसार वर्गवारी असते. एकदाच पाण्यातून गेलेली, जखम नसलेली व्यक्ती कमी जोखमीची. वारंवार पाण्यातून गेलेल्या नागरिकांबरोबर साचलेले पाणी उपसणारे आणि गाळ काढणारे कामगार सर्वाधिक जोखमीच्या गटात येतात.