मॉर्सेलेशन
दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मोठे गर्भाशय किंवा फायब्रॉइडची गाठ पोटावरील छोट्या छिद्रातून बाहेर काढता यावी म्हणून तिचे पोटातच तुकडे करण्याची पद्धत. छेद लहान राहतो, रुग्ण लवकर घरी जाते. मात्र गाठीत सार्कोमा हा कर्करोग दडलेला असल्यास फिरत्या पात्याने त्याचे कण उदरपोकळीत विखुरू शकतात व आजार बळावू शकतो. सोनोग्राफी, एमआरआय वा गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी यांतून सार्कोमा खात्रीने ओळखता येत नाही, खरी अडचण हीच. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीला असा कर्करोग असतो, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०१४ मधील अंदाज. त्याच वर्षी जॉन्सन अँड जॉन्सनने असे तुकडे करणारी आपली यंत्रे बाजारातून मागे घेतली. आता बंद पिशवीतच तुकडे करण्याची शिफारस आहे. त्याने धोका घटतो, संपत नाही.

मराठवाड्यात मूळ प्रश्न त्याआधीचा आहे: गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया मुळात हवी होती का? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर तेथे गर्भाशय काढण्यासाठी खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. काढलेला प्रत्येक अवयव पॅथॉलॉजी तपासणीला पाठवणे आवश्यक. अहवाल मागून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे.