हाडं उशाला

राजगडावर पद्मावती माचीला पोचलेला माणूस सईबाईंच्या समाधीपुढे आपसूक वाकतो. ती समाधी कुणी उचलून दुसरीकडे नेली, असं भोर-वेल्ह्याकडच्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. ख्रिस्ती परंपरेत मात्र संतांच्या अस्थी गावोगाव फिरल्या.

या रीतीची एक जुनी खूण स्मर्नाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरला सापडते. दुसऱ्या शतकात तिथल्या पॉलिकार्प या वयोवृद्ध बिशपना ठार करून जाळलं. अनुयायांनी हाडं वेचून जपली आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं. पुढे ७८७ च्या निकाया परिषदेने नव्या चर्चच्या अभिषेकाला हुतात्म्यांचे अवशेष हवेतच, असं ठरवलं. हाडांना मागणी आली.

आपल्याकडचा धागा १३२१ चा. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे चौघे फ्रान्सिस्कन संन्यासी निघाले होते कोल्लमला, पण गलबत लागलं ठाण्याला. तिथल्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात ते उतरले. घरातल्या नवरा-बायकोचं भांडण काझीपुढे गेलं, साक्षीला या पाहुण्यांची नावं निघाली आणि चौकशी धर्मावर घसरली. महंमद पैगंबरांविषयी विचारल्यावर थॉमसनी जे उत्तर दिलं, ते जिवावर बेतणारं होतं. जीभ आवरली असती तर बहुधा वाचले असते. पण असली माणसं त्यासाठी घर सोडत नाहीत. एप्रिलमध्ये चौघेही मारले गेले. त्यांचे सोबती जॉर्डानुस तेव्हा बाहेरगावी होते. त्यांनी देह सोपाऱ्याला नेऊन पुरले.

थोड्याच काळात इटलीहून ओदोरिक नावाचे त्यांच्याच पंथाचे संन्यासी आले. त्यांनी हाडं उकरली, कापडात गुंडाळली आणि चीनची वाट धरली. वाटेत एका घरात ते ती उशाला घेऊन झोपले. घराला आग लावली गेली. तीन कोपरे जळाले, हाडं धरून ते उभे होते तो चौथा तेवढा राहिला. समुद्रात वारा पडला तेव्हा त्यांनी एक हाड पाण्यात टाकायला लावलं, आणि वारा सुटला. हे सगळं ओदोरिक स्वतः सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याने आपापल्या श्रद्धेइतकं घ्यावं. मला जास्त खरी वाटते ती त्यांनी ओघात सांगितलेली एक गोष्ट : चौघांना मारलं तिथली माती पाण्यात कालवून आजारी माणसं पीत, आणि त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. मांढरदेवीचा अंगारा पुडीत बांधून घरी नेणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

हाडं अखेर चीनमधल्या झैतून बंदरात, आजच्या च्वानचौमध्ये, फ्रान्सिस्कनांच्या मठात ठेवली गेली. ओदोरिक मायदेशी परतले, १३३० मध्ये पादुआला त्यांनी प्रवासवृत्त सांगून लिहवून घेतलं आणि पुढच्या जानेवारीत उदिने इथं वारले. त्यांच्या देहाच्या दर्शनालाच मग इतकी झुंबड उडाली, की त्यांच्यासाठी संगमरवरी शवपेटी घडवावी लागली.