थरचे वाळवंट आणि आदिमानव

वाळवंट म्हटले की तेथे पूर्वी घनदाट राने होती आणि माणसाच्या अविचाराने ती नष्ट झाली, अशी आपली एक समजूत असते. राजस्थानातील थरच्या वाळवंटाविषयी तर ती फारच रूढ आहे. झाडे तुटली, गुरे वाढली आणि वाळू पसरली, या म्हणण्यात थोडे तथ्य असेलही. परंतु त्या वाळूचे वय पाहू गेल्यास ती शेतकरी आणि गुराखी या दोघांच्याही फार पूर्वीची निघते.

याचा पुरावा जयपूरच्या वायव्येस, डीडवाना येथील खाऱ्या सरोवराच्या परिसरात मिळतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात तेथील वाळूच्या एका टेकडीचा अठरा मीटरांहून खोल छेद तपासला. वाऱ्याने आणलेली वाळू, तिच्यावर चुनखड्यांचा थर, पुन्हा वाळू, पुन्हा चुनखडे, अशी त्या टेकडीची घडण आहे. पाऊस ओसरला की वाळू साचते. पाऊस बरा होऊ लागला की गवत-झुडपे तिला धरून ठेवतात, आणि झिरपणाऱ्या पाण्यातील चुना खड्यांच्या रूपाने जमिनीत गोठतो. तेव्हा हे वाळवंट एकदाच झाले आणि कायमचे राहिले असे नव्हे. ते अनेकदा पसरले आणि अनेकदा आवरले. या थरांतच माणसाची दगडी हत्यारेही सापडली.

जवळच्या सिंगी तलाव या स्थळी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. वाळूच्या कणाने सूर्यप्रकाश शेवटचा केव्हा पाहिला हे आता प्रयोगशाळेत मोजता येते. त्या रीतीने २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात येथील वस्तीचा काळ सुमारे १,७७,००० वर्षांपूर्वीचा ठरला. तेव्हा येथे पावसाळ्यावर वाढणारे गवताळ रान होते. याच ठिकाणी बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहूनही लहान असे सहा स्फटिक मिळाले. त्यांचे हत्यार होण्यासारखे नव्हते व ते घडवलेलेही नव्हते. कोणीतरी ते आणून ठेवले होते. आम्हा सरकारी नोकरांच्या दप्तरात उपयोगाखेरीज कशाचीच नोंद होत नाही; म्हणूनच की काय, मला या सहा खड्यांचे विशेष अप्रूप वाटते.

पुढील काळाची साक्ष सरोवरांचा गाळ देतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, मोसमी पाऊस क्षीण झाला आणि डीडवान्याचे पाणी अतिशय खारट बनले. नंतर पाऊस परतला. गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात सांभर, डीडवाना व लूणकरणसर येथील गाळातले परागकण मोजून वनस्पतींचा इतिहास मांडला. इ. स. पूर्व ३००० ते १८०० हा भरपूर पावसाचा काळ होता, त्यात हडप्पा संस्कृती बहरली आणि पाऊस हटताच ती खचली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो इतका सुटसुटीत होता की पुष्कळांनी तो लगेच स्वीकारला.

परंतु १९९९ साली लूणकरणसरच्या गाळाचे नवे कालमापन प्रसिद्ध झाले. त्यानुसार ते सरोवर सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच आटले होते, म्हणजे हडप्पा नगरांच्या भरभराटीच्या सुमारे हजार वर्षे आधी. मग ती नगरे कोरड्या हवेत उभी राहिली काय? माझ्या मते, येथे पाऊस आणि पाणी यांतील भेद विसरून चालणार नाही. सरोवर आसपासच्या पावसाचा हिशेब सांगते; नदी मात्र दूरच्या प्रदेशातले पाणी दाराशी आणते. शिवाय शेतकरी ओलाव्याचा अंदाज घेऊन पेरणी करतो. वाळवंटाच्या उत्तर सीमेवर, घग्गरच्या कोरड्या पात्राकाठी कालीबंगा आहे. तेथे १९६० नंतरच्या उत्खननात हडप्पा नगराच्याही आधीचे एक नांगरलेले शेत उघडे झाले. त्यात एका दिशेच्या तासांतील अंतर कमी आणि त्यांना छेदणाऱ्या तासांतील अंतर जास्त आहे. उत्खननाच्या वेळी त्या भागातले शेतकरी एकाच शेतात दोन पिके घेण्यासाठी अशीच नांगरट करीत होते.