रोमचा पाणी-हिशेब

नळांत किती पाणी मावतें, हें काढणें अवघड नाहीं. तोंडाचें क्षेत्रफळ आणि लांबी यांचा गुणाकार केला कीं झालें. पण गृहस्थाला हवें असतें तें नळांत मावणारें पाणी नव्हे, नळांतून येणारें. या दोहोंतला भेद ध्यानीं न घेतल्यानें प्राचीन रोमच्या दप्तरांत मोठा घोटाळा माजला.

इ. स. ९७ सालीं सम्राट नर्व्हा यानें रोमच्या पाणीपुरवठ्याचा कारभार फ्रॉन्टिनस याजकडे सोंपविला. पूर्वीं ब्रिटनची सुभेदारी केलेला हा पोक्त मनुष्य; हाताखालच्यांच्या सांगण्यावर चालणें त्याला कमीपणाचें वाटे. त्यानें दप्तर स्वतः तपासलें. पाण्याचें माप होतें ‘क्विनारिया’, म्हणजे सव्वा रोमन अंगुळ (सुमारें २.३ सेंटिमीटर) व्यासाचा नळ. नळाच्या आरंभीं निदान १२ अंगुळें लांबीची ब्राँझची तोटी बसवीत. कारण ब्राँझ सहसा वाकत वा पसरत नाहीं. अशा तोटींत मावणारें पाणी शंभर घन सेंटिमीटरसुद्धां भरत नाहीं. पण तिच्यांतून दिवसभर घर चाले.

दप्तरांत जमा १२,७५५ क्विनारिया आणि खर्च १४,०१८! जमेपेक्षां खर्च १,२६३ नें अधिक. चकित होऊन त्यानें उगमाशीं मोजणी केली, तों दप्तराहून सुमारें १०,००० अधिक निघाले. त्याचा निष्कर्ष एकच: चोरी. चोरी होत होती, यांत शंका नाहीं. पाणीखात्याचे नोकर ज्या मोठ्या नळांनीं पाणी घेत, ते नियमाहून रुंद. ज्यानें देत, तो वीस क्रमांकाचा नळ अरुंद. रस्त्यांखालच्या नळांना भोकें पाडून पाणी विकलें जाई, तें वेगळेंच. तथापि आरोपाचें गणित लंगडें होतें. फ्रॉन्टिनस तोंडाचें क्षेत्रफळ मोजी, वेग मोजीत नसे. जोराचा प्रवाह माप फुगवितो, हें त्यानें स्वतः लिहून ठेवलें आहे. आंकड्यांत मात्र तें त्याला धरतां आलें नाहीं. म्हणून त्या दहा हजारांत चोरीचे किती आणि वेगाचे किती, हें त्याच्या ग्रंथावरून सांगतां येत नाहीं.

नवल असें कीं, अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें याच सुमारास तोड सांगून ठेवली होती: झऱ्याखालीं खड्डा खणावा, छायायंत्रावर तास पाहावा आणि तेवढ्या वेळांत खड्ड्यांत किती पाणी सांठलें तें मोजावें. मग प्रवाहाचें तोंड मोजण्याचें कारणच उरत नाहीं. रोमच्या कारभारांत ही युक्ति शिरली नाहीं. वाहत्या पाण्याच्या मापांत वेग धरलाच पाहिजे, असें गॅलिलिओचा शिष्य कास्तेली यानें नेटानें प्रतिपादिलें तें १६२८ सालीं. आणि त्याचें पुस्तक छापलें गेलें तें रोममध्येंच.