पालकत्व ही ठेव आहे

पेढीवर ठेवलेली परक्याची ठेव आपण जिवापाड जपतो. अज्ञान मुलीची मालमत्ता मात्र घरातच असुरक्षित ठरते. मुंबईच्या रखमाबाईंचे (१८६४–१९५५) चरित्र याची साक्ष देते.

वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्यापूर्वी पतीची मालमत्ता लेकीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजींशी झाला. परंतु त्या माहेरीच राहिल्या. दादाजी आपल्या मामांच्या आश्रयाला होते. त्या मंडळींचा डोळा आपल्या मालमत्तेवर आहे, असे रखमाबाईंचे म्हणणे होते.

१८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५ साली न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नांदावयास जा, अन्यथा ६ महिने तुरुंग. एवढ्या धाकाने कोणीही नमले असते. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली! अखेर १८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला वैद्यकी शिकून त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली.

पालकत्व म्हणजे मालकी नव्हे. ज्यांच्या हाती अज्ञान मुलांचे व्यवहार आहेत, अशा आपण सर्वांनी एवढे ध्यानी ठेवावे.